सचिवपद घ्यावं की समितीच सोडावी?

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"मी फोंड्याला राहते. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशन कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघते. मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, पुण्यात शिकले. इकडे परतल्यावर आपल्या विषयाची माणसं भेटावीत म्हणून धातू आणि मटेरियल्स इंजिनिअरिंगच्या एका राष्ट्रीय संस्थेच्या गोव्यातल्या शाखेची सभासद झाले. लगेच विद्यार्थी उपक्रम समितीत घेतलं. त्याला आता चार वर्षं झाली. हॉल ठरवणं, पाहुण्यांना दाबोळीहून आणणं, पुष्पगुच्छ, समई, सूत्रसंचालन, प्रमाणपत्रं, सगळं माझ्याकडे आहे. नोंदणीचे पैसेसुद्धा माझ्याच जीपेवर येतात. कागदावर समितीत नऊ जण आहेत, बैठकीला तिघं येतात. कोणतंही काम निघालं की अध्यक्ष म्हणतात, 'बाय, तूंच कर गो, तुका जमता.' मॅनेजरना वाटतं, दुसऱ्या कारखान्यांच्या लोकांत बसले तर आमच्या गोष्टी बाहेर जातील. सासूबाई विचारतात, याचे पैसे किती मिळतात? आता वार्षिक सभेत मला शाखेची सचिव करायचं घाटतंय. चार वर्षांत मी एकही तांत्रिक काम केलेलं नाही. सचिव होऊ की सगळंच सोडून देऊ?"

सप्रेम नमस्कार.

सभा तोंडावर आलेली दिसते, म्हणून उत्तर आधी देते. या वर्षी सचिवपद घेऊ नका. समिती मात्र सोडू नका. विद्यार्थी उपक्रम समितीतच राहा, तिथे स्वतःच्या नावावर एक तांत्रिक काम मागून घ्या, आणि ते मिळेपर्यंत हॉल, समई, पुष्पगुच्छ यांतलं काहीही नव्याने अंगावर घेऊ नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की चार वर्षांत एकही तांत्रिक काम केलं नाही. बाकी सगळ्या पत्रापेक्षा मला तेच वाक्य जास्त लागलं. गोव्यात मेटलर्जी शिकलेली माणसं आधीच थोडी. त्यातलं एक माणूस विमानाच्या वेळा आणि प्रमाणपत्रांवरची नावं जुळवत बसतं, यात तुमच्याइतकंच शाखेचंही नुकसान आहे. रात्री उशिरापर्यंत एखाद्या तुटलेल्या वेल्डचे फोटो बघत बसलं तर दुसऱ्या दिवशी कामावर जाताना अंगात हुशारी असते. शुक्लचं शुक्ला झालं का हे शंभर प्रमाणपत्रांवर तपासलं तर नसते. तुमचा शीण खरा आहे आणि त्याचं कारणही तुम्हाला कळलेलं आहे.

"तूंच कर गो" मध्ये माया आहे, हे मी नाकारत नाही. पण वयाने लहान आणि त्यात बाई असली की सूत्रसंचालन आणि समई तिच्याकडे, हे आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय की सांगणाऱ्याला त्यात काही वावगं दिसतच नाही. त्या नऊ जणांतल्या एकाही पुरुष इंजिनिअरला समईच्या वाती कोणी आणायला सांगितल्या नसतील. अध्यक्षांना हे सांगा, पण एकट्याला गाठून, चहा घेता घेता सांगा. चार लोकांत काढलंत तर विषय मानापमानावर जाईल आणि कामाचं बोलणं राहून जाईल.

आता या समित्या मुळात कशासाठी निघाल्या, ते थोडं सविस्तर लिहिते. सासूबाईंच्या आणि मॅनेजरच्या प्रश्नांचं उत्तरही त्यातच आहे.

१९१३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात विल्यम वुडसाइड यांनी पोलादाला पाणी देणाऱ्या लोकांचा, म्हणजे हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांचा, एक क्लब काढला. मोटारगाड्यांचे कारखाने तेव्हा जोरात वाढत होते. भट्टी किती तापवायची, कशात बुडवायचं, किती वेळ ठेवायचं, हे प्रत्येक जण गुपित म्हणून जपत होता. परिणामी एकाने केलेली चूक दुसरा पुन्हा पहिल्यापासून करत होता. हे लोक एकत्र बसून आपापल्या भट्टीतलं बोलू लागले, आणि त्या क्लबातूनच पुढे आजची एएसएम इंटरनॅशनल ही धातू आणि मटेरियल्सवाल्यांची संस्था उभी राहिली.

त्याआधीची गोष्ट चार्ल्स डडली यांची. ते पेन्सिल्व्हेनिया रेल्वेत रसायनशास्त्रज्ञ होते. रेल्वेला चांगले रूळ हवे होते, आणि पोलादाच्या कारखान्यांना ग्राहकाने आपल्याला पोलाद कसं बनवायचं हे शिकवलेलं नको होतं. विकणारा आणि घेणारा एकाच टेबलाशी बसल्याशिवाय हे भांडण मिटायचं नाही, हे डडलींनी ओळखलं. १८९८ मध्ये सुरू झालेल्या ज्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेला आपण एएसटीएम म्हणतो, ती या विचारावर वाढली. तिथे आजही मानक ठरवणाऱ्या समितीत माल बनवणाऱ्यांची मतं वापरणाऱ्यांच्या आणि इतरांच्या एकत्रित मतांपेक्षा जास्त होऊ दिली जात नाहीत. एखाद्या सभासदाने कारण देऊन विरोधी मत नोंदवलं, तर त्याचा विचार केल्याशिवाय मसुदा पुढे सरकत नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. एकटा माणूस, हाताशी नीट कारण असेल तर, सगळ्या समितीला थांबवू शकतो.

आपल्याकडचंही तेच. तुम्ही टेन्साइल टेस्टच्या, म्हणजे धातू ताणून बघायच्या चाचणीच्या, अहवालावर आयएस १६०८ असं लिहिता, तो आयएस १६०८ समितीतच तयार होतो. भारतीय मानक ब्युरोच्या अशा समित्यांत कारखाने, प्रयोगशाळा, ग्राहक, सरकारी खाती यांची माणसं बसतात. १९४६ ची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स घ्या किंवा १९८९ ची मटेरियल्स रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया घ्या, त्यांच्या शाखा आपली नोकरी सांभाळून वेळ देणाऱ्या लोकांवरच चालतात. सासूबाईंना सांगा की पैसे मिळत नाहीत, पण कारखान्यात जे नियम आम्ही पाळतो ते असेच कोणीतरी पैसे न घेता बसून लिहिलेले आहेत. त्यांना हे पटेल असं मला वाटतं. देवस्थानच्या उत्सवासाठी राबणारी माणसं त्यांनी आयुष्यभर बघितली असतील.

तर, काम कोणतं मागायचं? मी एक सुचवते. तुम्हाला दुसरं सुचलं तर ते घ्या, पण ते गोव्याच्या उपयोगाचं असू दे.

मांडवीवरचा पणजीचा पूल १९८६ च्या जुलैत कोसळला. बांधून वीस वर्षंही झाली नव्हती. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजत गेल्या आणि बाहेरून ते दिसलं नाही. त्यानंतर पणजी आणि बेती यांच्यामध्ये लोकांना पुन्हा फेरीबोटीवर अवलंबून राहावं लागलं, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. इतका मोठा धडा या राज्याने घेतलाय, तरी तुमच्या कारखान्यातून शेड बाहेर पडते तेव्हा तिच्यावर कोणता रंग, किती मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग) जाड लावायचा हे बहुतेक वेळा "गोवा म्हणजे समुद्रकिनारा" या अंदाजावर किंवा रंगाच्या विक्रेत्याच्या सल्ल्यावर ठरतं. समुद्राकाठच्या दोनापावलाची हवा आणि आत डोंगराकडच्या वाळपईची हवा एकच आहे का?

हे मोजता येतं, आणि विद्यार्थ्यांकडून मोजून घेता येतं. माइल्ड स्टीलच्या १०० बाय १५० मिलीमीटरच्या, १ मिलीमीटर जाडीच्या पट्ट्या कापायच्या. सगळ्या एकाच पत्र्यातून कापायच्या, नाहीतर फरक हवेचा की पोलादाचा हे कळणार नाही. रंगाने क्रमांक घालू नका, तो वर्षभर टिकत नाही. कडेला खाचा पाडून खूण करा आणि कोणती खाच म्हणजे कोणती पट्टी हे वहीत लिहून ठेवा. ग्रीस पुसून, नीट वजन करून या पट्ट्या ४५ अंशांत कललेल्या मांडणीवर प्लास्टिकच्या खुंट्यांनी बसवायच्या, धातूला धातू लागू द्यायचा नाही. एक मांडणी दोनापावलाला, एक फर्मागुडीला, एक वाळपईला. तिन्ही एकाच आठवड्यात लावा, कारण पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली पट्टी आणि दिवाळीनंतर लावलेली पट्टी सुरुवातीला वेगवेगळ्या वेगाने गंजतात.

वर्षभराने पट्ट्या काढायच्या, इनहिबिटर (चांगलं पोलाद कमी खाल्लं जावं म्हणून घालायचं रसायन) घातलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात गंज काढायचा, आणि पुन्हा वजन करायचं. हे आम्लाचं काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली, शिक्षक समोर उभे असतानाच होऊ द्या. सोबत एक न गंजलेली पट्टीही त्याच आम्लात बुडवा, म्हणजे आम्लाने चांगलं पोलाद किती खाल्लं ते कळेल आणि तेवढं वजा करता येईल. आयएसओ ९२२३ या मानकात पहिल्या वर्षाच्या झिजेवरून हवेचे वर्ग पाडलेले आहेत: २५ ते ५० मायक्रॉन गेले तर सी-३, ५० ते ८० गेले तर सी-४, ८० ते २०० गेले तर सी-५, आणि त्याच्याही वर एक वर्ग आहे. आपल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ५० मायक्रॉन गेले म्हणजे साधारण १२ ग्रॅम वजन कमी झालं. मूळ पट्टी ११८ ग्रॅमची असते. एका पावसाळ्यात आणि एका उन्हाळ्यात पट्टीचा दहावा हिस्सा गेला, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलाने स्वतः तराजूवर बघितलं की गंज हा विषय त्याला पुन्हा शिकवावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट करून बघा. प्रत्येक ठिकाणी एक मांडणी उघड्यावर लावा आणि एक छपराच्या वळचणीला, जिथे वारा लागतो पण पाऊस पोचत नाही. आपल्याकडचा पाऊस पट्टीवरचं मीठ धुऊन नेतो. वळचणीला मीठ साचत राहतं. त्यामुळे समुद्राजवळ आडोशाची पट्टी उघड्यावरच्या पट्टीपेक्षा जास्त गंजू शकते. मुलांना आधी विचारा, कोणती जास्त गंजेल? बहुतेक जण पावसातली म्हणतील. मग वर्षभर त्यांना वाट बघू दे.

हा आकडा कोणताही एकटा कारखाना काढणार नाही, कारण त्याचा फायदा शेजारच्या कारखान्यालाही होतो. कॉलेज काढेल, पण तो आकडा प्रोजेक्टच्या वहीत पडून राहील. शाखेकडे कारखाने, कॉलेजं आणि रंगवाले तिघंही सभासद म्हणून आहेत. म्हणून हे काम समितीचं आहे, आणि दर वर्षी पाहुणे बोलावून भाषण करण्यापेक्षा त्याला कितीतरी जास्त अर्थ आहे.

मॅनेजरना हेच घेऊन भेटा. रंगाची प्रणाली निवडायचं मानक, आयएसओ १२९४४, याच सी-३, सी-५ वर्गांवर चालतं. कुंडईची हवा सी-३ निघाली तर सी-५ चा रंग लावून ग्राहकाचे पैसे कशाला घालवायचे, आणि दोनापावलाच्या कामाला कुंडईचा रंग लावला तर तक्रार कोणाकडे येणार? हा त्यांच्या रोजच्या धंद्याचा प्रश्न आहे. त्यांची भीती मात्र धुडकावून लावू नका. ती काही अंशी बरोबर आहे. एका पानावर लिहून द्या: पद्धत, मानक, सार्वजनिक ठिकाणी केलेली मोजमापं यांवर मी बोलेन, ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, दर आणि कोणाचा कुठला भाग कुठे तुटला हे बोलणार नाही. महिन्यातून अमुक एका शनिवारी दुपारनंतर मला सोडावं, हेही त्याच पानावर लिहा. तोंडी मिळालेली परवानगी पहिल्या घाईच्या डिस्पॅचला रद्द होते.

समितीचं कामकाजही थोडं बदलावं लागेल. तुमच्या बैठकीच्या इतिवृत्तात काय असतं याचा मला अंदाज आहे: "विद्यार्थी उपक्रमांवर सविस्तर चर्चा झाली. सर्वांनी सहकार्य करण्याचे ठरले." अशा वाक्यानंतर काम कोणाकडे जातं? जी व्यक्ती शेवटी खोलीत उरते तिच्याकडे, म्हणजे तुमच्याकडे. इतिवृत्त तुम्ही लिहा, पण असं लिहा: "पट्ट्या कापून देणे, अमुक यांनी, ३० तारखेपर्यंत. दोनापावलाच्या जागेची लेखी परवानगी, तमुक यांनी, पुढच्या बैठकीपर्यंत." ज्या कामापुढे नाव लागलं नाही ते काम या वर्षी होणार नाही, हेही त्यातच लिहा आणि खरोखर होऊ देऊ नका. पहिल्यांदा पुष्पगुच्छ नसलेला कार्यक्रम होईल. होऊ दे. पाहुणा पुष्पगुच्छासाठी आलेला नसतो.

जे सहा जण येत नाहीत त्यांना एकेक फोन करा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "कृपया सर्वांनी उपस्थित राहावे" टाकून कोणी येत नाही. पण वेल्डिंग करणाऱ्याला "तुझ्या शॉपमध्ये वीस पट्ट्या कापून देशील का" असं विचारलं तर तो हो म्हणतो. मी अशा समित्यांत बरीच वर्षं बसले आहे आणि माझं मत असं झालंय की न येणारी माणसं बहुतेक वेळा आळशी नसतात. आल्यावर आपण करायचं काय हेच त्यांना कळत नाही. ज्यांना फोन करूनही रस नाही त्यांची नावं पुढच्या यादीतून सन्मानाने काढायला अध्यक्षांना सांगा.

पैशांच्या बाबतीत मात्र एक दिवसही थांबू नका. संस्थेची नोंदणी फी तुमच्या स्वतःच्या खात्यात येणं आजच बंद करा. तुमच्या मनात काही नाही हे मला माहीत आहे. पण उद्या एखाद्याने पावती मागितली, ऑडिटरने विचारलं, किंवा तुमच्याच विवरणपत्रात त्या रकमा दिसल्या, तर उत्तर तुम्हाला एकटीला द्यावं लागेल. आतापर्यंत आलेल्या प्रत्येक रकमेची तारीखवार यादी करा, झालेला खर्च बिलांसकट दाखवा, उरलेली रक्कम शाखेच्या खात्यात भरा आणि खजिनदाराची सही असलेली पोच घ्या. पुढचा क्यूआर कोड शाखेच्या खात्याचाच असेल. त्याला वेळ लागणार असेल तर कार्यक्रम पुढे ढकला.

प्रायोजकाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण पट्ट्यांचं काम सुरू झालं की रंगाची एखादी कंपनी खर्च द्यायला पुढे येईल. पैसे घ्या, आभार माना, पण जागा कोणत्या आणि निकाल कसा मांडायचा हे समितीच ठरवेल असं आधी लेखी घ्या. डडलींच्या टेबलाचा नियम इथेही लागू आहे.

आणि पहिल्या दिवसापासून तुमच्यासोबत दुसरं कोणीतरी असू द्या, शक्यतो फर्मागुडीच्या कॉलेजमधली एखादी तरुण शिक्षिका किंवा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. वास्कोच्या दामोदर सप्ताहात एक भजनी पथक उठायच्या आधी दुसरं येऊन बसलेलं असतं, मधे टाळ थांबत नाहीत. तुमची बदली झाली, घरी बाळंतपण आलं, आजारपण आलं, तरी वर्षाच्या शेवटी त्या पट्ट्या कोणीतरी काढायलाच हव्यात. वही, खाचांची यादी, परवानग्यांची पत्रं दोघांकडेही असू द्या.

सचिवपदाला आत्ता नको म्हणायचं कारणही हेच. आज तुम्ही सचिव झालात तर आत्ताची सगळी कामं त्या पदाबरोबर तुमच्याकडेच राहतील, वर मुख्य कार्यालयाचा पत्रव्यवहार आणि वार्षिक अहवाल येईल, आणि विद्यार्थी उपक्रमाला पुन्हा कोणी नसेल. पट्ट्यांचं वर्ष पूर्ण होऊ द्या. तेव्हा विचारलं तर जरूर घ्या, आणि घेताना एक सहसचिव आणि दोन वर्षांची मुदत मागून घ्या. तोवर शाखेत तुमची ओळख "कार्यक्रम छान करते ती" अशी नसेल, आणि सचिव म्हणून तुमचं म्हणणं लोक वेगळ्या कानांनी ऐकतील.

अध्यक्षांना लिहायचं पत्र पाच-सहा ओळींचं ठेवा. सचिवपदासाठी नाव सुचवल्याबद्दल आभार, या वर्षी ते घेता येणार नाही, त्याऐवजी हवेतल्या गंजाच्या मोजणीचं काम माझ्याकडे द्यावं, त्यासाठी एक सहकारी आणि एवढी रक्कम मंजूर करावी, आणि कार्यक्रमांच्या व्यवस्थेसाठी दुसरं नाव ठरवावं. कारणांची लांबड लावू नका. सभेच्या आधी पाठवा, म्हणजे तिथे तुमचं नाव परस्पर जाहीर व्हायचं नाही.

त्यांनी हे काम द्यायलाच नकार दिला, किंवा हो म्हणून सहा महिने काहीच हललं नाही, तर मात्र राजीनामा द्या आणि मनाला लावून घेऊ नका. शाखा सुटली तरी विषय सुटत नाही. भारतीय मानक ब्युरो नव्या मानकांचे मसुदे लोकांच्या अभिप्रायासाठी खुले ठेवते, आणि त्यावर कोणीही लिहू शकतं. तुम्ही रोज हाताळता त्या मानकाचा मसुदा आला की कलमाचा क्रमांक, प्रत्यक्ष काम करताना येणारी अडचण आणि त्या जागी कोणते शब्द हवेत, एवढं लिहून पाठवा. त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही.